जाड हेड गॅस्केटने नॉकिंग थांबतं? थोडा खुलासा

इंदूरच्या आपल्या गाडीवाल्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘हेड गॅस्केट जितकं जाड, तितकं नॉकिंग कमी.’ हेड गॅस्केट म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधला पातळ सील; नॉकिंग म्हणजे इंधन-हवेचं मिश्रण अवेळी पेटून होणारी ठकठक. तो मेसेज अर्धाच खरा आहे. 80 मिमी बोअरला (सिलिंडरचा आतला व्यास) गॅस्केटची जाडी 0.8 मिमीने वाढवली की दर सिलिंडरला सुमारे 4 सीसी जागा वाढते, कॉम्प्रेशन (मिश्रण किती दाबलं जातं ते) उतरतं आणि नॉकिंग कमी होऊ शकतं. पण पिस्टन आणि हेडमधली फटही वाढते. ती 1 मिमीच्या आसपास असली तर मिश्रण नीट घुसळलं जातं. फार वाढली की ज्वलन मंदावतं, नॉकिंग उलट वाढूही शकतं.

काल एका इंजिनला डायल गेज (बारीक अंतर मोजायचं साधन) लावून पाहिलं: पिस्टन अगदी वर आला तरी ब्लॉकच्या 0.2 मिमी खाली. त्यामुळे या इंजिनात, हेड आवळून दाबल्यावर 0.8 मिमी उरणारं गॅस्केटच योग्य, म्हणजे एकूण फट 1 मिमी होते. कॉम्प्रेशन उतरवायचंच असेल तर माथ्यावर खोल वाटी असलेले पिस्टन घ्या. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याखाली हा खुलासा टाका.