‘कशावरून?’ या प्रश्नाला एवढं घाबरायचं कारण काय?

गेले दोन आठवडे सोसायटीच्या, शाळेच्या, इतकंच काय बायकोच्या भिशीच्या ग्रुपवरही एकच मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : उताऱ्यावरच्या उत्तराला उताऱ्यातलाच आधार मागून शाळा मुलांची कल्पनाशक्ती मारतायत. मुलं वाक्यं जशीच्या तशी उतरवतात. हे अमेरिकेचं फॅड आहे. लहानांना झेपत नाही. आणि मुलं मोठ्यांनाही ‘कशावरून?’ विचारून उद्धट होतात. खाली हात जोडलेले आणि ‘पटलं तर पुढे पाठवा’.

मला पटलं नाही. मी दर शनिवारी पुण्यात दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत तिसरी ते सहावीच्या पंधरा-वीस मुलांचा वाचनवर्ग घेतो. तिथे जे दिसतं ते याच्या बरोबर उलट आहे.

आधी कल्पनाशक्तीचं बघू. मागच्या महिन्यात मी फळ्यावर चार वाक्यं लिहिली : ‘आजोबांनी तिसऱ्यांदा घड्याळाकडे पाहिलं. चहा कपातच निवत होता. फाटक वाजलं तसे ते उठले, पण पेपरवाला होता. ते पुन्हा बसले.’ प्रश्न एकच, आजोबांचं काय चाललंय?

पहिला हात वर. “आजोबा चिडलेत.” कशावरून? “आमचे आजोबा पेपर उशिरा आला की चिडतात.” सगळे हसले. आता बघा, हे उत्तर कल्पनेचं नाहीच. ते त्याच्या घरातलं आहे. समोरचे आजोबा त्याने पाहिलेच नव्हते, स्वतःचे पाहिले होते. दुसरी म्हणाली, ते कुणाची तरी वाट बघतायत. यावर पहिला पुन्हा, “हो, पेपरवाल्याचीच!” तेव्हा चौथीतली एक मुलगी उठली, फळ्यापाशी आली आणि एका शब्दावर बोट ठेवून म्हणाली, “काका, इथे ‘पण’ आहे ना. पेपरवाल्याची वाट असती तर ‘पण’ कशाला लिहिलं असतं?”

एका ‘पण’वरून तिने फाटकाशी न आलेलं माणूस ओळखलं. याला कल्पनाशक्ती म्हणायचं नाही, तर कशाला म्हणायचं? आणि यानंतर वर्गात जी काय धमाल उडाली, कुणाची वाट, मुलाची की डॉक्टरांची, ती त्या ‘पण’ला धरूनच. मनाला येईल ते सांगायचं असेल तर उतारा वाचायची गरजच काय?

मुलाचं मत हवंच. दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेतही आकलनाच्या कृती वेगळ्या आणि स्वमत वेगळं असतं. मेसेजवाल्यांनी या दोन्हींची खिचडी केली आहे.

उतरवून काढण्याचा मुद्दा अर्धा खरा आहे, हे मान्य करतो. पण दोष आधार मागण्याचा नाही, प्रश्नाचा आहे. ‘आजोबांच्या कपात काय होतं?’ असं विचाराल तर मूल उतरवेलच, दुसरं करणार तरी काय! म्हणून मी तीन गोष्टी विचारतो. तुझं म्हणणं काय? ते कुठे दिसलं, बोट ठेव. आणि त्यावरून तसं का वाटतं? दुसऱ्याचं उत्तर उतरवता येतं, तिसऱ्याचं येत नाही. चहा निवतोय हे फळ्यावर लिहिलेलं आहे. माणूस अस्वस्थ असला की हातातला चहाही विसरतो, हे मुलाला स्वतःच जोडावं लागतं. बहुतेक वर्गांत गाडी दुसऱ्या प्रश्नापाशीच थांबते. मग ‘उताऱ्यात असे म्हटले आहे की’ अशी ठरावीक सुरुवात फळ्यावरून वहीत येते आणि मेसेजवाल्यांना आयतं कोलीत मिळतं. त्या ठरावीक वाक्यावर राग असेल, तर मीही तुमच्या बाजूने आहे.

अमेरिकेचं फॅड? तिथल्या २०१० च्या ‘कॉमन कोअर’ या शालेय मानकांत तिसरीच्या मुलाने उत्तराला मजकुराचा थेट आधार द्यावा असं आहे, हे खरं. पण पुण्यात बसून हे परकं वाटावं, याची गंमत वाटते. लॉ कॉलेज रोडवर भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं, म्हणजे जुन्या पोथ्या ताडून मूळ शब्द ठरवण्याचं, काम १९१९ मध्ये सुरू झालं आणि १९६६ मध्ये पुरं झालं. हजारावर हस्तलिखितं पडताळली गेली. कुठला पाठ घेतला, कुठल्या पोथीत वेगळं काय आहे, ते तळटिपांत. पानापानावर ‘कशावरून?’चं उत्तर.

लहानांना झेपत नाही म्हणता, तर त्यांना लिहायला लावू नका. दुसरीतलं मूलही चित्रातल्या ओल्या छत्रीवर बोट ठेवून ‘पाऊस पडून गेला’ म्हणतं. झालं की! परिच्छेद लिहिण्याची घाई आपल्याला असते, त्यांना नाही.

राहिला शेवटचा मुद्दा, मुलं मोठ्यांनाही ‘कशावरून?’ विचारतात. हा मात्र शंभर टक्के खरा आहे. त्याच दिवशी तास संपताना मी बोलून गेलो, “बिचारे आजोबा, एकटेच राहतात.” फळा पुसायला डस्टर उचललं तोच मागून त्या चौथीतल्या मुलीचा आवाज आला, “काका, कशावरून?”

मी चारही वाक्यं परत वाचली. एकटे राहतात असं कुठेच नव्हतं. डस्टर खाली ठेवलं आणि सांगितलं, “चुकलं माझं.” ती म्हणाली, “कप एकच आहे काका, तेवढं म्हणू शकता.”