‘फायनल’ फाइलचे संगोपन

समुद्रालगतच्या एखाद्या घराचा नकाशा रत्नागिरीतला वास्तुविशारद, मुंबईतला स्ट्रक्चरल इंजिनीअर आणि कुडाळचा ड्राफ्ट्समन अशा तिघांनी मिळून करायचा असेल, तर आधी एवढे पक्के करून घ्यावे की मूळ फाइल कोणती, हे तिघांपैकी कोणालाही छातीठोकपणे सांगता येऊ नये. ते सांगता येऊ लागले की चूक कोणाची, हेही सांगता येऊ लागते, आणि वर्षानुवर्षांचे संबंध अशाने बिघडतात.

आरंभ नावापासून करावा. पहिल्याच दिवशी फाइलला ‘फायनल’ म्हणावे. मालकांनी पडवी दोन फुटांनी वाढवायला सांगितली की ‘फायनल २’, त्यांच्या मुंबईच्या भावाने ती पुन्हा कमी करायला लावली की ‘फायनल जुनेच’, आणि मधली सुट्टी संपली की ‘फायनल गणपतीनंतर’. नावात तारीख घालण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण तारखेवरून क्रम लागतो आणि क्रम लागला की चर्चेला विषय उरत नाही.

ऑफिसच्या नेटवर्कवरची फाइल ऑटोकॅड या नकाशे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणी उघडली की तिच्या शेजारी त्याच नावाची एक छोटी कुलूपवजा फाइल तयार होते. दुसऱ्याने तोच नकाशा उघडू पाहिला, तर तो अमुक व्यक्तीकडे उघडा आहे, केवळ पाहण्यापुरता उघडू का, असे ऑटोकॅड अदबीने विचारते. आपण ‘हो’ म्हणावे, दुपारभर मनसोक्त बदल करावेत आणि संध्याकाळी ‘सेव्ह अ‍ॅज’ करून नवे नाव द्यावे. जोत्याचा नकाशा एक्सरेफ म्हणून, म्हणजे वेगळ्या फाइलचा नुसता दुवा म्हणून, जोडताना आपल्या संगणकावरचा पूर्ण पत्ता द्यावा. सापेक्ष पत्ता, म्हणजे मुख्य नकाशाच्या जागेपासूनची वाट, दिल्यास सगळे फोल्डर एकत्र दुसरीकडे नेले तरी जोडणी टिकते, आणि मग जोत्याच्या जागी नुसता आपल्या डी ड्राइव्हचा पत्ता वाचण्याच्या आनंदाला कुडाळचा माणूस मुकतो.

मालकांचा पुण्यात नोकरी करणारा भाचा याच सुमारास फाइलींमधल्या बदलांचा हिशेब ठेवणाऱ्या गिट या सॉफ्टवेअरचे नाव काढील. त्याला शांतपणे सांगावे, की लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली ते लिनक्स या संगणकप्रणालीच्या कर्नेलसाठी, म्हणजे गाभ्यासाठी, लिहिले, ते मजकुराच्या ओळी ताडून पाहते, आणि ऑटोकॅडच्या डीडब्ल्यूजी फाइलमध्ये अशा ओळीच नसल्यामुळे दोघांचे बदल त्याला एकत्र करता येत नाहीत. (हे खरेच आहे; खऱ्याचा असा उपयोग करता आला पाहिजे.) एवढ्याने तो गप्प बसणार नाही. गिट एलएफएस या मोठ्या फाइलींसाठीच्या पुरवणीत एका वेळी एकानेच बदल करावा म्हणून फाइल कुलूपबंद करता येते, ऑटोकॅडच्या २०१९च्या आवृत्तीपासून दोन नकाशांतला फरक रंगांनी दाखवण्याची सोय आहे, असे तो सांगत राहील. त्याला सोलकढी द्यावी आणि विषय बदलावा.

कारण खरा धोका वेगळाच आहे. गिटच्या पद्धतीत प्रत्येक बदलासोबत बदल करणाऱ्याचे नाव आणि तारीख नोंदली जाते, शिवाय बदल कशासाठी, याची एक ओळही लिहावी लागते. ‘जिना उजवीकडून डावीकडे, काकांच्या सांगण्यावरून’ ही ओळ एकदा कायमची नोंदली गेली, तर आंब्याला आलेले काका अंगणात उभे राहून ‘मी असं कधी म्हटलं?’ हे कोणत्या तोंडाने विचारणार? घरातल्या वडीलधाऱ्यांवर असा प्रसंग आणणाऱ्या व्यवस्थेला प्रगती म्हणणे निदान आम्हाला तरी जड जाते.

बॅकअपविषयी थोडक्यात. सेव्ह करताना ऑटोकॅड आधीची प्रत बीएके फाइल म्हणून बाजूला ठेवते. ती अडगळ समजून काढून टाकावी. हार्ड डिस्क एकच असावी आणि ती तळमजल्यावर, टेबलाच्या सर्वांत खालच्या खणात असावी. चिपळूणच्या बाजारपेठेत जुलै २०२१ मध्ये पाणी कुठवर चढले होते, हे त्या वेळी आठवू नये.

उरला गवंडी. त्याच्याकडे पावसात भिजलेली, चिऱ्याखाली दाबून ठेवलेली जी छापील प्रत असेल, तीच प्रमाण मानावी. तिच्यावरचा रिव्हिजनचा, म्हणजे प्रत कितव्या दुरुस्तीची हे सांगणारा, रकाना आपण कोरा सोडलेला असतोच. जिना भलत्या बाजूने चढला, तरी चिरे काढून तो पुन्हा बांधण्याच्या खर्चात कोणी पडू नये. ऑटोकॅडमध्ये ‘मिरर’ नावाची आज्ञा आहे. ती देऊन नकाशातला जिना फिरवून घ्यावा आणि फाइल ‘फायनल साइटप्रमाणे’ या नावाने तिघांनाही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावी.