एकच ठोसा, पण कोणाचा?

ऑस्ट्रेलियाचा फलंदाज डेव्हिड हूक्स आठवतोय का कुणाला? 1977 च्या मेलबर्नच्या शतकमहोत्सवी कसोटीत टोनी ग्रेगला लागोपाठ पाच चौकार हाणणारा. जानेवारी 2004 मध्ये तो तिथल्या व्हिक्टोरिया राज्याच्या संघाचा कोच होता. सामना जिंकून मंडळी मेलबर्नच्या सेंट किल्डा भागातल्या एका हॉटेलात बसली होती. बाहेर पडताना दारावरच्या बाउन्सरशी बाचाबाची झाली, एक ठोसा बसला आणि हूक्सचं डोकं जमिनीवर आपटलं. दुसऱ्या दिवशी तो गेला. बाउन्सरचा बचाव होता स्वसंरक्षणाचा. सप्टेंबर 2005 मध्ये ज्युरीने त्याला निर्दोष सोडलं आणि विषय संपला, कारण ज्युरीने सोडल्यावर तिथे सरकारला अपील करता येत नव्हतं.

आपल्याकडे असं अपील करता येतं. क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धूचंच प्रकरण घ्या. 1988 मध्ये पतियाळात गाडीवरून भांडण, हाणामारी, 65 वर्षांच्या माणसाचा मृत्यू. 1999 ला निर्दोष, 2006 ला हायकोर्टात तीन वर्षं, 2018 ला सुप्रीम कोर्टात फक्त हजार रुपये दंड आणि 2022 ला त्याच कोर्टाने आपलाच निकाल पुन्हा तपासला, तेव्हा एक वर्ष कैद! मेलेल्या माणसाच्या घरच्यांनी इतकी वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या, याला काय म्हणावं? तरीही अपिलाची वाट असावी, या मताचा मी आहे.

कारण 2022 च्या निकालात एक मुद्दा लाखमोलाचा आहे: बॉक्सर, पैलवान, क्रिकेटपटू किंवा अतिशय धडधाकट माणसाचा नुसता हातसुद्धा हत्यार ठरू शकतो. मग बाउन्सर या यादीत का नको? त्याला तर पिळदार दंड बघूनच कामावर घेतात. समोरचा बहुतेक वेळा प्यायलेला, तोल आधीच गेलेला. ठोशाने शुद्ध हरपली की माणूस पडताना हातही टेकवू शकत नाही, डोक्याचा मागचा भाग थेट फरशीवर. जीव बऱ्याचदा ठोशाने नाही, त्या आपटण्याने जातो. हे दारावर उभं राहणाऱ्याला माहीत नसेल, तर ते शिकवायचं कुणी?

कायदा म्हणतो, एजन्सीने. 2005 च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्यात गार्डला प्रशिक्षण सक्तीचं आहे. म्हणून माझं म्हणणं, अशा खटल्यात गार्डबरोबर एजन्सीचा मालक आणि पबवालाही कोर्टात उभा करा. 'रागाच्या भरात एकच मारली' हे भांडणाऱ्या दोन गिऱ्हाइकांपैकी एकाने सांगितलं तर ऐकून घेईन. पगार घेऊन दारावर उभ्या असलेल्याकडून नाही.