घर की थर्मास?

'घर बांधलंयस की थर्मास?' अमेरिकेत मिनेसोटातल्या माझ्या नव्या घरातून किती हवा गळते, त्या चाचणीचा फोटो पाहून मामेभावाने विचारलं. तो भारतात आर्किटेक्ट आहे आणि घरांना ऊर्जा संहिता (ऊर्जा वाचवणाऱ्या बांधकामाचे नियम) सक्तीची करावी का, या वादात ठामपणे 'नको'च्या बाजूला. आपल्याकडे वारा खेळता हवा, थंड देशांची थेरं कशाला, असं त्याचं म्हणणं.

फोटोत पुढच्या दाराच्या चौकटीत लाल कापड ताणलेलं होतं आणि त्यात मोठा पंखा. खिडक्या लावायच्या, आतली दारं उघडी ठेवायची आणि पंख्याने हवा बाहेर ओढून आत-बाहेरच्या दाबात ५० पास्कलचा फरक आणायचा. तो टिकवायला जेवढी हवा ओढत राहावी लागते, तेवढी घराची गळती. इथल्या नियमाने या दाबाला घरातली हवा तासाला ३ पेक्षा जास्त वेळा बदलता कामा नये.

माझं घर ४.१ वर नापास झालं. 'सगळं सील केलंय,' बिल्डर म्हणाला. तपासनिसाने धुराची कांडी फिरवली. सरळ वर जाणारी रेघ बाथटबच्या नळापाशी आल्यावर एकदम खोलीत उडाली. टबामागची बाहेरची भिंत आतून बंदच केली नव्हती! नकाशात ती जागा अर्थातच चोख होती.

इथे हा फक्त बिलाचा प्रश्न नसतो. हिवाळ्यात घरातली दमट हवा फटींतून माळ्यावर जाते, छताच्या खिळ्यांवर बाष्प गोठतं आणि ऊन पडलं की ठिबकतं. म्हणून घर घट्ट करायचं आणि ताजी हवा यंत्राने, मोजून आत घ्यायची.

भारतातली गरज वेगळी आहे, हे भावाचं बरोबरच. पण तिथली घरांसाठीची ऊर्जा संहिता, २०१८ची इको निवास संहिताही थर्मास मागत नाही. उष्ण-दमट हवामानात उघडता येणाऱ्या खिडक्या-दारांचं क्षेत्रफळ कार्पेट एरियाच्या किमान १६.६६ टक्के असावं, असं ती सांगते. हे त्याला माहीत आहे. वाद घालताना विसरतो. शिवाय एसी लावला की वारा खेळण्याचा मुद्दा संपतो. मग स्लायडिंग खिडकीच्या ट्रॅकमधून बाहेरची दमट हवा आत येत राहते आणि ते पाणी एसीला काढत बसावं लागतं.

तो ३चा आकडा उचलून तिकडे नेऊ नये, असंच माझंही मत आहे. न्यायचीच असेल तर बांधून झालेलं घर ताब्यात देण्याआधी मोजायची सवय न्यावी. निवास संहितेचा हिशोब मुख्यतः नकाशावर आणि काच-भिंतींच्या गुणधर्मांवर होतो. गवंड्याने काय सोडलं, ते कागदावर दिसत नाही.

'आणि मोजणाऱ्याचे पैसे कोण देणार? बिल्डरच ना?' भावाने विचारलं. माझ्या घराच्या बाबतीतही ते बिल्डरनेच दिले होते. तरी ४.१ हा आकडा माझ्यापर्यंत पोचला, तो नियमामुळे की त्या एका तपासनिसामुळे, याचं उत्तर मला त्याला देता आलं नाही.