देव आणि सैतान बरोबरीचे नाहीत

‘ख्रिस्ती धर्मात देव आणि सैतान या दोन समान, अनादि शक्ती आहेत, त्यांचं युद्ध कधीच संपत नाही आणि सैतान नरकाचा राजा आहे,’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. यातलं जवळपास काहीच ख्रिस्ती शिकवणुकीत नाही.

दोन अनादि तत्त्वांचा झगडा ही तिसऱ्या शतकातल्या मानी या इराणी धर्मसंस्थापकाची शिकवण. पुढे ख्रिस्ती धर्माचा मोठा विचारवंत ठरलेला ऑगस्टीन तरुणपणी काही वर्षं त्याच पंथात होता. इ.स. ३८७ मध्ये मिलानला त्याने बाप्तिस्मा घेतला आणि पुढे मानीच्या अनुयायांशी लेखणीने भांडत राहिला. त्याचं म्हणणं असं, की वाईटाला स्वतःचं अस्तित्वच नाही, ती चांगल्याची उणीव आहे. जखम भरली की ती उठून दुसरीकडे राहायला जात नाही, नाहीशी होते. १२१५ मध्ये रोमला भरलेल्या चौथ्या लॅटरन धर्मसभेनेही स्पष्ट सांगितलं, की सैतान आणि भुतं देवाने चांगलीच निर्माण केली, ती आपल्या करणीने बिघडली.

बायबलही तेच दाखवतं. ईयोब या नीतिमान माणसाला छळण्याआधी सैतानाला देवाची परवानगी लागते, तीही अटींसह. प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, १२व्या अध्यायात, अजगराशी म्हणजे सैतानाशी लढतो तो देव नव्हे, मीखाएल हा देवदूत. (बरोबरीचा शत्रू असता तर दूतावर भागलं नसतं!) राहिला नरकाचा राजा. २०व्या अध्यायात सैतान अग्नीच्या सरोवरात टाकला जातो, शिक्षा भोगायला. सैतानाच्या सिंहासनाचा तिथे उल्लेखही नाही.

झगडा आहे, हे मात्र खरं. प्रेषित पौलाने इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात सैतानापुढे टिकायला शस्त्रसामग्री चढवायला सांगितलं आहे, ते माणसांना.