शिट्टी की कारंजं?

कुकरची शिट्टी झाली की ओटा, बर्नर, मागच्या टाइल्स, सगळं पिवळंधमक! आणि शिव्या खातो बिचारा कुकर. अहो, डाळ उकळताना फेस येणारच, आणि तो वाफेच्या नळीतून वर चढणारच. थेट कुकरात लावताय ना? मग डाळ-पाणी मिळून कुकरच्या एक तृतीयांशाच्या वर नको, चमचाभर तेल घाला, प्रेशर धरलं की आच बारीक करा. पण नाही! गळ्यापर्यंत भरायचं नि गॅस फुल्ल. वर नळीत कालचीच डाळ वाळून बसलेली. झाकण उजेडाकडे धरून भोकातून आरपार दिसतंय का, एवढं बघायला किती वेळ लागतो? नसेल दिसत तर सुई घाला. आणि बाजूने वाफ फुसफुसत असेल तर रिंग कडक झालीय, बदला ती. शिट्ट्या कसल्या मोजताय!