‘काकू, हिशेब छान’ या प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या आठवड्यात मी ‘भोगी ते रथसप्तमी, 1500 रुपयांत’ असा लेख टाकला. भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी, गुळाच्या पोळ्या, घरचा तिळगूळ, पाच सुगडं, भाचीच्या मुलाचं बोरन्हाण आणि 25 बायकांचं हळदीकुंकू, एवढं सगळं गेल्या वर्षी त्या रकमेत कसं बसवलं ते पै-पैसह लिहिलं होतं. बऱ्याच जणींना आवडलं. एका प्रतिक्रियेवर मात्र दोन दिवस विचार केला आणि मग लिहायला बसले. आधी ती जशीच्या तशी देते, म्हणजे मी सोयीचं तेवढंच उचललं असं कुणी म्हणायला नको.

“काकू, हिशेब छान. पण संक्रांतीला उत्तरायण सुरू होतं, रात्र लहान व्हायला लागते वगैरे शाळेच्या निबंधात ठीक आहे. प्रत्यक्षात सगळ्यात मोठी रात्र 21-22 डिसेंबरलाच होऊन गेलेली असते. दुसरं, तुमच्या 1500 मध्ये गॅस नाही आणि तुमचे तासही नाहीत. बाईची मजुरी शून्य धरली की सगळंच स्वस्त. तिसरं, वाण म्हणून मेथीच्या बियांची पुडी दिल्यावर बायका काय बोलतात ते एकदा जिन्यात उभं राहून ऐका. मुळात काटकसर ही पोट भरलेल्यांची हौस. ज्यांच्याकडे खरंच नसतं ते सण करत नाहीत, दार लावून घेतात. असो. तिळगूळ घ्या, गोड बोला.” आणि पुढे एक हसरा चेहरा.

आधी ‘काकू’. या शब्दाला माझी हरकत नाही, बिल्डिंगमधली सगळी पोरं मला काकूच म्हणतात. पण त्यांच्या ‘काकू’त विरजण मागायला आल्याचा सूर असतो. तुमच्यात तो नाही. तुमचं ‘काकू’ म्हणजे वर्गात मागच्या बाकावरून मारलेला खडू आहे. मग ते ‘छान’, मग ते ‘असो’. ‘असो’ म्हणून माणूस विषय सोडतो. तुम्ही चार वार करून झाल्यावर ‘असो’ म्हणालात. आणि त्यावर तिळगूळ. माझी सासू असती तर म्हणाली असती, हा तिळगूळ आहे की खडीसाखरेत गुंडाळलेली मिरची. मुद्दा कितीही बरोबर असला तरी तो कुणाच्या ताटात कसा वाढावा याची काही रीत असते. पाच वर्षं हा ब्लॉग चालवतेय, माझ्या पुरणपोळीलाही लोकांनी नावं ठेवलीत, पण तीसुद्धा जरा बसून, पाणी पिऊन.

तर तारीख. तुमचं बरोबर आहे. मी ‘संक्रांतीला वर्षातली सगळ्यात मोठी रात्र संपते’ असं लिहिलं होतं, ते चुकलं. लेखात दुरुस्त केलंय. पण चूक काढायचीच तर पुरती काढावी, अर्धी काढून हसू नये. संक्रांत आपण ताऱ्यांवरून धरतो, म्हणजे सूर्य मकर राशीत शिरला की, आणि ऋतू चालतात सूर्यावरून. ताऱ्यांवरून मोजलेलं वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा साधारण 20 मिनिटांनी मोठं. वर्षाला 20 मिनिटं म्हणजे चहा उकळायचा वेळ, पण 70-72 वर्षांत त्याचा एक दिवस होतो. साधारण 1700 वर्षांपूर्वी संक्रांत आणि सगळ्यात मोठी रात्र एकाच सुमाराला यायची. तेव्हापासून संक्रांत सरकत सरकत 14-15 जानेवारीवर आली. स्वामी विवेकानंदांचा जन्म 12 जानेवारी 1863 चा आणि त्या दिवशी संक्रांत होती, म्हणजे माझ्या पणजीच्या आधीच्या पिढीत ती 12 तारखेला व्हायची. तेव्हा शाळेच्या निबंधातलं ते वाक्य खोटं नाही, शिळं आहे. शिळ्याची फोडणीची पोळी करता येते, टाकून द्यायची गरज नसते.

तुमच्या बाजूनं आणखी एक पुरावा मीच देते. शास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या समितीनं सुचवलेली आणि 22 मार्च 1957 पासून लागू झालेली राष्ट्रीय दिनदर्शिका आहे ना, तिच्यात पौष महिना 22 डिसेंबरला सुरू होतो. सरकारी कागदावर तुमचंच म्हणणं. पण त्या 1 पौषाला आजवर कुणी तुमच्या घरी तिळगूळ आणून दिला का? उलट माझ्या वरच्या मजल्यावरच्या काकू (हो, मलाही काकू आहेत) रत्नागिरीच्या, त्यांच्याकडे टिळक पंचांग. त्यात नक्षत्रचक्राचा आरंभ वेगळ्या ताऱ्यापासून धरतात, म्हणून त्यांची संक्रांत 10 जानेवारीला. दर वर्षी त्यांची वाटी चार दिवस आधी येते. आम्ही दोघींनी कधी एकमेकींना पंचांग उघडून दाखवलेलं नाही.

आणि एक गोष्ट तुम्हाला बहुतेक माहीत नसेल. दिवस 22 डिसेंबरपासून मोठा होतो खरा, पण तो संध्याकाळच्या टोकाला. मुंबईत सूर्य जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिरा उशिराच उगवत राहतो. पहाटे नळावर हंडा लावून उभं राहणाऱ्या बाईला अंधार कमी झाल्याचं संक्रांत उलटल्यावरच कळतं. माझी आई म्हणायची, ‘संक्रांत झाली, आता नळाला उजेड येईल.’ मी पुढे वर्तमानपत्रातल्या सूर्योदयाच्या वेळा लावून पाहिल्या. आई बरोबर होती.

गॅसही मान्य. तिळगुळात मी तीळ अर्धा किलो 120, गूळ अर्धा किलो 40, शेंगदाणे पाव किलो 40 आणि तूप-वेलची 25 असे 225 रुपये लावले होते. तीळ भाजायला, दाणे भाजायला आणि पाकाला धरून तास-सव्वा तास शेगडी चालते, त्याचे 10 रुपये धरा. 15 धरा, तुमचं समाधान होऊ दे. 240 रुपयांत सव्वा किलो. दुकानात याच पैशांत अर्धा किलो येतो आणि त्यात तीळ शोधावे लागतात. झालं?

आता त्या वाक्याकडे येते. ‘काटकसर ही पोट भरलेल्यांची हौस.’

तुम्ही मला ओळखत नाही. माझ्या ओट्याचा फोटो पाहिलात, त्यावरची तांब्याची कळशी पाहिलीत आणि ठरवलंत. तर ऐका. मी लालबागची. बाबा कापड गिरणीत, साचेखात्यात, म्हणजे मागावर. दहा बाय बाराची खोली, आम्ही सहा जण, त्यात गावाहून आलेले दोन काका. 1982 ची संक्रांत नेहमीसारखी झाली. बाबांनी रातपाळीवरून येताना चिक्कीचा गूळ आणला होता आणि चिक्कीचा गूळ साध्या लाडवाला कशाला म्हणून आई त्यांच्यावर कावली होती, एवढं आठवतं. चार दिवसांनी, 18 जानेवारीला, कामगार पुढारी डॉ. दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला. अडीच लाख कामगार. तो संप रीतसर मागे घेतला असं कधी झालंच नाही, हे तुम्हाला पुस्तकात वाचावं लागतं, आम्हाला नाही.

1983 ची संक्रांत त्या संपाला वर्ष होत आलेलं असताना आली. मी नऊ वर्षांची. आईनं त्या थंडीत दादरच्या एका दुकानासाठी हलवा करायचं काम धरलं होतं, दागिन्यांसाठी लागतो तो. तुम्ही कधी काटेरी हलवा होताना पाहिलाय? परातीत खसखस किंवा साबुदाणा घ्यायचा. खाली शेगडीत निखारे, त्यावर राख पांघरलेली, कारण आच जरा जास्त झाली की साखर पिवळी पडते आणि माल परत येतो. मग एकतारी पाक चमचा-चमचा सोडायचा आणि बोटांनी फिरवत राहायचं. पळीनं नाही, बोटांनीच. चमचाभर पाक, दहा मिनिटं फिरवणं, तो सुकला की पुढचा चमचा. असं दिवस दिवस चालतं तेव्हा दाण्याला काटा फुटतो. मुंबईच्या हवेत तो दिवसा फुटतच नाही. म्हणून आई रात्री दोनला बसायची आणि पाचला उठून नळाला जायची. तिच्या उजव्या हाताची तीन बोटं महिनाभर टोकाला पांढरी आणि गुळगुळीत असायची. त्या बोटांनी ती माझी वेणी घालायची तेव्हा केस ओढले जायचे नाहीत, घसरायचे.

दुकानातून साखर वजनानं यायची, हलवा वजनानं जायचा आणि किलोमागे मूठभर तूट माफ असायची. ती मूठ म्हणजे चुरा, न फुटलेले दाणे, एकमेकांना चिकटलेले गड्डे. आईनं तो चुरा डब्यात साठवला. संक्रांतीला आमच्या घरी तीळ नव्हते, गूळ नव्हता. तो चुरा तिनं वहीच्या कागदाच्या पुड्यांत बांधला आणि आम्ही मजल्यावरच्या चौदा खोल्यांत वाटला. वाण म्हणून एकेक हळकुंड. बायका आल्या, कुंकू लावून घेतलं, गेल्या. एकीनं पुडी तिथंच उघडली आणि म्हणाली, ‘अगं, हलवा? तुमच्याकडे?’ आई म्हणाली, ‘हो, यंदा हलवाच केला.’

ही तुमची पोट भरलेल्यांची हौस.

आणि दार. ‘दार लावून घेतात’ म्हणे. अहो, चाळीत दिवसा दार लावलं की पाच मिनिटांत शेजारीण कडी वाजवून विचारते, कोण आजारी आहे? दार लावणं ही फ्लॅटमधली सोय आहे, ती तुम्ही गरिबांच्या नावावर खपवू नका. आमचं दार उघडं होतं.  

तेव्हा मला काटकसर शिकवायची तर तारखा सांभाळून शिकवा. मी 1500 रुपयांचा लेख लिहिला तो कुणाला ‘बघा, आम्ही किती साधे’ म्हणून दाखवायला नाही. हलव्याच्या दागिन्यांचा सेट हजार-दीड हजाराला घेऊन तो एका फोटोपुरता बाळाच्या अंगावर घालायचा, चार तासांत मुंग्या लागतात म्हणून टाकून द्यायचा, हे मला बघवत नाही. का बघवत नाही ते आता कळलं असेल. काही जणींनी खाली लिहिलंय की मी जास्तच मनाला लावून घेते. लावून घेते. ज्याच्या घरात तो हलवा झालाय त्यानं मनाला लावून घ्यायचं नाही तर कुणी?

बाकीचं पटकन. मेथीच्या बियांच्या पुड्यांवर बायका हसल्या, मला माहीत आहे, जिन्यात उभं राहायची गरज पडली नाही. त्यातल्या सहा जणींच्या कुंडीत आता मेथी आहे. तुमच्या घरी आलेले प्लास्टिकचे डबे मोजा आणि त्यातले किती झाकणासकट सापडतात ते कळवा. हळदीकुंकू मुळात करावंच का, असं दुसऱ्या एका वाचकानं विचारलंय, त्यावर इथे बोलत नाही. माझ्याकडे सगळ्यांना बोलावणं असतं, नवरा असलेल्या आणि नसलेल्या, एवढं पुरे. आणि बाईच्या मजुरीचं तुम्ही जे काढलंत तो मोठा विषय आहे, कधीतरी स्वतंत्र लिहीन. घरच्या सणाला तासाचा दर लावायचा तर मग मुलाला भरवायचाही लावा, असं मला वाटतं, पण ते राहू दे.

हो, एक चूक तुम्ही काढली नाहीत ती मीच सांगते. लेखात मी बोरन्हाणाचे दागिने ‘घरी केले, खर्च 90 रुपये’ असं लिहिलंय. ते 90 रुपये साखर, साबुदाणा आणि दोऱ्याचे. हलवा करायला मला गेल्या वर्षी चार रात्री लागल्या, तो आकडा लेखात नाही. यंदा 8 तारखेपासून बसणार आहे. डोंबिवलीत यंदा थंडी अजून धड पडलेली नाही आणि माझा उजवा खांदा धरलाय. 11 तारखेच्या पहाटेपर्यंत काटा फुटला नाही तर सेट विकत आणीन आणि त्याचं बिल इथेच टाकीन. तेव्हा प्रतिक्रिया द्यायला या.